आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: सर्व्हरच्या हार्डवेअरमधला दोष नेमका कसा शोधायचा

सर्व्हर अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होऊ लागला, स्लो झाला किंवा पुढच्या पट्टीवर पिवळा दिवा लागला, की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. स्क्रीनवर ज्या भागाचं नाव दिसतं तो भाग मागवतात आणि बदलतात. चार दिवस बरे जातात, मग तोच त्रास पुन्हा सुरू होतो. याचं कारण असं की, सर्व्हर जे नाव दाखवतो ते दोष जिथे जाणवला त्या जागेचं असतं. मूळ दोष कधी एक केबल अलीकडे असतो, कधी एक सॉकेट पलीकडे. तपासणीचं सगळं कसब हे अंतर ओळखण्यात आहे, आणि ते शिकता येतं.

इथे माझ्या डोळ्यांसमोर आहे तो सहकारी बँकेत, कॉलेजात, साखर कारखान्यात किंवा मध्यम रुग्णालयात दिसणारा नेहमीचा रॅक सर्व्हर: दोन प्रोसेसर, आठ-दहा डिस्क, एक रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी डेटा टिकवणारं), दोन पॉवर सप्लाय आणि त्यावर लिनक्स. विंडोज असेल तर टूल्स बदलतील, पण तपासणीचा क्रम हाच राहील.

पेचकस उचलण्याआधी

आधी बॅकअप पाहा. झालाय असं कुणी म्हणालं म्हणून पुढे जाऊ नका, एखादी फाइल प्रत्यक्ष परत काढून बघा. रेडमधली एखादी डिस्क गेली असेल तर याला जास्तच महत्त्व आहे, कारण नवी डिस्क घातल्यावर सुरू होणारं रीबिल्ड (गेलेल्या डिस्कवरचा डेटा नव्यानं उभा करणं) उरलेल्या सगळ्या डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचून काढतं. वर्षानुवर्षं कुणी न वाचलेला खराब सेक्टर नेमका त्याच वेळी समोर येतो.

दुसरं म्हणजे मशीन चालू असेल तर लगेच रीस्टार्ट करू नका. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश मेमरीतल्या एका मर्यादित जागेत साठतात आणि रीस्टार्टबरोबर पुसले जातात. जर्नल (लिनक्सची नोंदवही) डिस्कवर कायम राहतं असं आपण धरून चालतो, पण अनेक सिस्टिममध्ये ते फक्त मेमरीतच असतं. म्हणून डीमेसेजचं आणि जर्नलसीटीएलचं सगळं आउटपुट आधी फाइलमध्ये घ्या आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर हलवा. मागचे-पुढचे दिवे कोणत्या रंगाचे आहेत, कोणता दिवा लुकलुकतोय, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग विचारपूस करा. गेल्या पंधरवड्यात सर्व्हर रूममध्ये कोण आलं होतं? एसीची सर्व्हिसिंग झाली का, इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला होता का, कुणी नवं कार्ड किंवा रॅम टाकली का, फर्मवेअर (भागांमधलं अंगभूत सॉफ्टवेअर) अपडेट झालं का? या प्रश्नांनी निम्मी वाट आधीच मोकळी होते.

बीएमसीची डायरी वाचा

प्रत्येक सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. डेलमध्ये तो आयड्रॅक म्हणून ओळखला जातो, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोवोमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. मुख्य मशीन बंद असलं तरी पॉवर केबल लावलेली असेपर्यंत तो जागा असतो आणि व्होल्टेज, तापमान, पंखे, मेमरी, पॉवर सप्लाय यांच्या घटना लिहीत राहतो. या नोंदवहीला सिस्टिम इव्हेंट लॉग, थोडक्यात सेल, म्हणतात. तिच्याशी बोलायची आयपीएमआय ही सामाईक पद्धत इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आणली. त्यामुळे आयपीएमआयटूल हे एकच टूल बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालतं. त्यातल्या ‘सेल एलिस्ट’ने नोंदी दिसतात आणि ‘एसडीआर’ने सेन्सरचे चालू आकडे.

सेल वाचताना लोक हमखास अडखळतात ते वेळेपाशी. बीएमसीचं घड्याळ अनेकदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं आणि लिनक्सचा लॉग भारतीय वेळेत. समजा, लिनक्सच्या लॉगमधली शेवटची ओळ रात्री २:१०ची आहे आणि पुढची ओळ थेट २:१९ला, बूट होतानाची. मधे काहीच नाही. सेलमध्ये २:१० शोधलं तर तिथेही काही सापडत नाही. आदल्या रात्री २०:४०ला मात्र ‘पॉवर सप्लाय १, एसी लॉस्ट’ आणि त्याच सेकंदाला ‘पॉवर सप्लाय २, एसी लॉस्ट’ अशा दोन नोंदी आहेत. २०:४० मध्ये साडेपाच तास मिळवा: २:१०. रीस्टार्टचं कारण सापडलं, आणि त्यात सर्व्हरचा एकही भाग दोषी नाही. म्हणून सेल उघडलं की आधी बीएमसीची आत्ताची वेळ आणि तुमच्या घड्याळातली वेळ शेजारी शेजारी लिहा. फरक साडेपाच तासांचाच असेल असंही नाही. घड्याळ कधीच लावलेलं नसेल तर तो काही वर्षांचाही निघतो.

सेलची जागाही मर्यादित असते. काही मशीनमध्ये ती भरली की नव्या नोंदी घेणं थांबतं. तेव्हा जुना लॉग फाइलमध्ये जतन करा आणि मगच साफ करा. आधी साफ करून मग विचार करणारी माणसं पुरावा हातानं पुसतात.

लिनक्सचा लॉग कसा संपतो यावरूनही बरंच कळतं. सेवा एकेक करून नीट बंद झाल्या असतील तर तो शटडाउन कुणीतरी दिलेला आहे: माणसानं, एखाद्या स्क्रिप्टनं किंवा यूपीएसच्या सॉफ्टवेअरनं. ‘मशीन चेक’ किंवा ‘हार्डवेअर एरर’ असे शब्द दिसले तर प्रोसेसरनं स्वतःच तक्रार नोंदवली आहे. ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं तर रॅमला हात लावू नका, एखाद्या प्रोग्रामनं मेमरी संपवलीय एवढाच त्याचा अर्थ. ओळ मधेच तुटलेली असेल आणि पुढे थेट बूट असेल, तर संशय वीज, अतितापमान, प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यावर.

वीज

पॉवर सप्लायबद्दल दोन वेगळे संदेश येतात आणि त्यांत गल्लत करू नये. ‘इनपुट लॉस्ट’ म्हणजे बाहेरून वीज आली नाही. ‘फेल्युअर डिटेक्टेड’ म्हणजे युनिट आतून बिघडलं असावं. दोन्हीतला फरक पक्का करायला सोपा उपाय आहे. दोन्ही सप्लाय चालू आहेत याची खात्री करून, एका वेळी एकच काढत, दोघांच्या केबल अदलाबदल करा. तक्रार दुसऱ्या सप्लायवर गेली तर दोष केबल, पीडीयू (रॅकमधला वीजवाटपाचा बोर्ड), एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) किंवा यूपीएसकडे. तक्रार त्याच सप्लायवर राहिली तर तो सप्लाय बदला. त्याआधी केबल घट्ट बसलीय का हे हातानं दाबून बघा. रॅकमागे कुणी दुसरी वायर ओढली की ही केबल अर्धी बाहेर येते आणि थोड्याशा धक्क्यानं संपर्क तुटतो.

दोन सप्लाय एकाच यूपीएसला लावले असतील तर यूपीएस गेल्यावर दोन्ही जाणार. एकूण लोड एका सप्लायच्या क्षमतेहून जास्त असेल तरीही तेच, कारण एक पडला की दुसरा त्या ओझ्याखाली बंद पडतो. लोड किती वॅट आहे हे बीएमसी दाखवतो, ते पाहून घ्या.

रीस्टार्टच्या वेळा जमवून वॉचमनकडच्या जनरेटरच्या रजिस्टरशी ताडून पाहा. आपल्याकडच्या लोडशेडिंगच्या भागांत हे रजिस्टर कोणत्याही टूलपेक्षा जास्त सांगतं. जनरेटर सुरू होण्याच्या क्षणी सर्व्हर पडत असेल, तर यूपीएसच्या बॅटऱ्या थकल्या असाव्यात. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेजही मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंगचं काम करा.

तापमान

अमेरिकेतल्या अ‍ॅशरे या संस्थेची शिफारस सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी अशी आहे. एसीच्या रिमोटवरचा आकडा इथे कामाचा नाही, बीएमसीमधला ‘इनलेट’ सेन्सर पाहा. इनलेटच जास्त असेल तर प्रश्न खोलीचा आहे. इनलेट २४, दुसरा प्रोसेसर ५५ आणि पहिला ९० असं चित्र असेल तर पहिल्याचा हीटसिंक, थर्मल पेस्ट किंवा त्याच्यासमोरचा पंखा तपासा. प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि कर्नल तशी ‘थ्रॉटल्ड’ अशी नोंद करतो. ‘सर्व्हर दुपारी स्लो होतो’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

हवेचा मार्ग आखलेला असतो, म्हणून रिकाम्या खाचांतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि आतलं हवेचं आवरण काढून टाकू नका. झाकण उघडं ठेवून सर्व्हर ‘थंड’ करायचा प्रयत्न तर नकोच. हवा मधूनच निसटते आणि मागचे भाग अधिक तापतात.

पंख्याचा आणखी एक उपद्रव लवकर ध्यानात येत नाही: खराब बेअरिंगचा पंखा थरथरतो आणि फिरणाऱ्या डिस्क मंदावतात. आवाज आणि कंप डिस्कला किती बाधतात याचं टोकाचं उदाहरण सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टला घडलं. तिथे आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या वायूची चाचणी चालू होती. वायू सुटतानाच्या प्रचंड आवाजानं डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा कित्येक तास बंद राहिल्या.

मेमरी

इथे घाई सगळ्यात जास्त होते, म्हणून जरा थांबून समजून घेऊ. सर्व्हरची रॅम ईसीसी, म्हणजे चूक ओळखून दुरुस्त करणारी, असते. एक बिट चुकला तर ती तो जागच्या जागी दुरुस्त करते. ही ‘करेक्टेबल’ चूक. दोन बिट एकत्र चुकले तर चूक ओळखता येते, दुरुस्त करता येत नाही. ती ‘अनकरेक्टेबल’, आणि तिच्यामुळे बहुधा मशीन थांबतं. गूगलच्या सर्व्हरवर टोरांटो विद्यापीठाच्या सहभागानं झालेला एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनमध्ये आणि ८ टक्क्यांहून जास्त रॅमच्या पट्ट्यांत निदान एक तरी दुरुस्त होणारी चूक आढळली. म्हणजे एखादी नोंद दिसली म्हणून लगेच पट्टी फेकायची गरज नाही. पण त्याच पट्टीवर चुका पुन्हा पुन्हा येत असतील तर ती पट्टी पुढे मशीन पाडणार आहे असं धरून कामाला लागा.

लिनक्समध्ये ही मोजणी ईडॅक ही यंत्रणा करते आणि रासडीमन ती जपून ठेवतो. लिनक्स ‘पहिला प्रोसेसर, दुसरा चॅनेल’ अशा भाषेत पत्ता देतो, तर बोर्डवर ए१, ए२, बी१ असं छापलेलं असतं. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला नकाशा पाहून दोन्ही जुळवा. अंदाजानं पट्टी काढली तर चांगली पट्टी बाहेर पडते आणि खराब आतच राहते.

आता खरी परीक्षा. समजा, तक्रार ए३ची आहे.

१. मशीन रीतसर बंद करा, दोन्ही पॉवर केबल काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा बांधा.
२. ए३ आणि बी३ मधल्या पट्ट्यांचे सीरियल नंबर लिहून घ्या आणि त्यांची अदलाबदल करा. दुसरं काहीही हलवू नका.
३. आधीचा सेल जतन करून साफ करा आणि मशीन नेहमीच्या लोडवर चालवा.
४. चूक बी३ वर गेली तर पट्टी खराब. चूक ए३ वरच राहिली तर पट्टी निर्दोष आहे.
५. चूक कुठेच आली नाही तर पट्टी नीट बसलेली नसावी किंवा संपर्कावर धूळ असावी. नोंद ठेवा आणि पुढचे काही आठवडे लक्ष द्या.

चौथ्या पायरीतली दुसरी शक्यता बहुतेकांना माहीत नसते. हल्ली मेमरीचा कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो. त्यामुळे स्लॉट ए३ ते प्रोसेसर या वाटेवर कुठेही बिघाड झाला तरी नाव ए३चंच येतं. सॉकेटमधली एखादी बारीक पिन वाकलेली असते, प्रोसेसरखाली पेस्टचा कण गेलेला असतो किंवा हीटसिंकचे स्क्रू एका बाजूनं जास्त आवळलेले असतात. इंटेल प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात, प्रोसेसरवर नाहीत, आणि त्या नुसत्या कापडाच्या स्पर्शानंही वाकतात. टॉर्च तिरपा धरून ओळी बघा. सरळ रांगेत एकच ठिपका वेगळा चमकला तर तिथेच थांबा आणि विक्रेत्याला बोलवा. पिना नीट असतील तर दोन्ही प्रोसेसर आपापसांत बदला. तक्रार दुसऱ्या सॉकेटकडे गेली तर प्रोसेसर दोषी, नाही तर बोर्ड.

नव्या सर्व्हरमध्ये आणखी एक सोय असते: रीस्टार्टच्या वेळी डीडीआर४ किंवा त्यानंतरच्या पिढीची पट्टी आपली खराब ओळ बाजूला ठेवून राखीव ओळ वापरात घेऊ शकते. त्यामुळे मेमरीच्या सूचनेनंतर कंपनी ‘आधी रीस्टार्ट करा’ म्हणाली तर ती टाळाटाळ समजू नका. मात्र रीस्टार्टनंतर त्याच पट्टीवर पुन्हा चुका आल्या तर बदलूनच घ्या.

मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या टूलबद्दल एवढंच की, ईसीसी रॅममध्ये दुरुस्त झालेली चूक त्या टूलपर्यंत पोहोचतच नाही असं होऊ शकतं. मेमटेस्टचा निकाल ‘पास’ आला तरी सेल पुन्हा वाचा.

डिस्क आणि रेड

रेड कार्ड ऑपरेटिंग सिस्टिमपासून डिस्क लपवतं. म्हणून कार्डचं स्वतःचं टूल हवं: ब्रॉडकॉमसाठी स्टोअरसीएलआय, डेलसाठी पर्कसीएलआय, एचपीईसाठी एसएसएसीएलआय. स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचणाऱ्या स्मार्टसीटीएललाही ‘डी’ या पर्यायात कार्डचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो, तेव्हा ते कार्डाआडच्या डिस्कशी बोलतं.

साटा (डिस्क जोडण्याची एक पद्धत) डिस्कच्या स्मार्ट माहितीत डझनावारी ओळी असतात, पण मी आधी पाचांवर बोट ठेवते. ५ म्हणजे बदली केलेले सेक्टर, १८७ म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका, १९७ म्हणजे बदलीच्या प्रतीक्षेतले सेक्टर, १९८ म्हणजे ऑफलाइन तपासणीत न वाचता आलेले. हे चार आकडे डिस्कबद्दल बोलतात. पाचवा, १९९, सीआरसीच्या चुका, म्हणजे वाटेत बिघडलेला डेटा, मोजतो, आणि तो डिस्क व कार्ड यांच्यामधल्या वाटेबद्दल बोलतो. केबल सैल, बॅकप्लेनचा (डिस्क ज्यात बसतात त्या बोर्डाचा) संपर्क खराब, की हा वाढतो. फक्त १९९ वाढतोय आणि बाकी चारही शून्य आहेत, अशी डिस्क बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शिवाय हा आकडा कधीच मागे जात नाही. केबल बदलल्यावरही तो जुनाच दिसणार, म्हणून आजचा आकडा लिहा आणि आठवड्यानं तो वाढलाय का तेवढंच पाहा.

‘स्मार्ट पास्ड’ या शब्दांवर विसंबू नका. गूगलच्याच २००७च्या डिस्क अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये त्या अभ्यासानं निवडलेल्या चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिसला नव्हता. उलट, पहिली स्कॅन एरर (डिस्क स्वतःची तपासणी करताना सापडलेली चूक) आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत, ३९ पट होती. म्हणजे इशारा आला तर तो खरा माना, नाही आला तर निर्धास्त राहू नका.

दोन-तीन डिस्क एकाच सेकंदाला ‘फेल’ झाल्या तर श्वास घ्या आणि काहीही दाबू नका. इतक्या डिस्क एका क्षणी सहसा मरत नाहीत. त्यांचं सामाईक काय आहे ते शोधा: बॅकप्लेन, सॅस केबल (डिस्कना कार्डाशी जोडणारी), बॅकप्लेनची पॉवर किंवा खुद्द कार्ड. या घडीला ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘क्लिअर फॉरेन कॉन्फिग’ (डिस्कवरची रेडची जुनी मांडणी पुसा) दाबलं तर शाबूत डेटा हातचा जातो. मशीन बंद करून केबल नीट बसवा, पुन्हा चालू करा. मग इम्पोर्टचा (तीच मांडणी परत वापरात घेण्याचा) पर्याय दिसला तर कोणती डिस्क सगळ्यात आधी बाहेर पडली होती ते लॉगमध्ये पाहून मगच पुढे जा, कारण तिच्यावरचा डेटा शिळा असतो.

डिस्क शाबूत, चुका शून्य, तरी लिहिणं अचानक मंद झालं असेल तर रेड कार्डची बॅटरी बघा. ती संपली की कार्ड सुरक्षिततेसाठी ‘राइट बॅक’ (आधी कॅशमध्ये, मग डिस्कवर लिहिणं) सोडून ‘राइट थ्रू’वर (थेट डिस्कवर लिहिण्यावर) जातं आणि डेटाबेस रांगायला लागतो. वेग परत मिळावा म्हणून बॅटरीशिवाय जबरदस्तीनं राइट बॅक सुरू करू नका. वीज गेली तर कॅशमधले व्यवहार बुडतील.

एसएसडीचा दोष कधीकधी फर्मवेअरमध्ये असतो. एचपीईनं नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं की, त्यांच्या काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि डेटाही परत मिळणार नाही. हा काळ ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांचा. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच दिवशी जाणार, म्हणजे तिथे रेडचाही उपयोग नाही. उपाय फर्मवेअर अपडेटचा होता, पण तो वेळेआधी करायला हवा होता. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्कचं मॉडेल आणि फर्मवेअर कंपनीच्या सूचनांशी पडताळा.

डिस्क काढताना टूलमधून तिचा लोकेट दिवा (जागा दाखवणारा) लावा, आणि बाहेर काढल्यावर सीरियल नंबर जुळवा. बिघडलेल्या डिस्कशेजारची चांगली डिस्क ओढली की रेड ५ (एकच डिस्क गेलेली सोसणारी मांडणी) तिथल्या तिथे कोसळतो.

नेटवर्क आणि कार्ड

एथटूल या लिनक्सच्या नेटवर्क टूलच्या आकडेवारीत सीआरसीच्या चुका वाढत असतील तर आधी पॅच कॉर्ड बदला, मग एसएफपी (पोर्टमध्ये बसणारा केबलचा जोडभाग), मग स्विचचा पोर्ट, आणि नेटवर्क कार्ड सगळ्यात शेवटी. फायबर असेल तर एथटूलच एसएफपीला मिळणाऱ्या प्रकाशाची ताकदही सांगतं. पीसीआय कार्ड मंद वाटलं तर एलएसपीसीआयच्या सविस्तर माहितीत लिंकचा वेग आणि रुंदी बघा. आठ लेनचं (डेटाच्या आठ वाटांचं) कार्ड एका लेनवर चालत असेल तर ते स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही किंवा रायझर (कार्ड ज्यात बसतं ती जोडपट्टी) खराब आहे.

मशीन उठतच नसेल तर

केबल काढून वीज उतरवा, बीएमसीला नव्यानं सुरू होऊ द्या, मग प्रयत्न करा. नाहीच उठलं तर कमीत कमी भागांवर या: एक प्रोसेसर, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पहिल्या स्लॉटमध्ये एक पट्टी, एक पॉवर सप्लाय. डिस्क आणि कार्ड सगळी बाहेर, कुठून काय काढलं त्याची लेबलं लावून. एवढ्यावर उठलं तर एकेक भाग परत घाला आणि प्रत्येक भागानंतर बूट करून पाहा. दोन भाग एकदम घातले तर उत्तर हाती लागणार नाही. एवढ्यावरही उठलं नाही तर पट्टी आणि प्रोसेसर बदलून बघा, आणि मग उरतो बोर्ड.

प्रत्येक वीजकपातीनंतर तारीख भलतीच दिसत असेल आणि बूटचा क्रम विसरला जात असेल, तर सीआर२०३२ची बॅटरी बदला. ३ व्होल्टची ही चपटी बॅटरी कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळते.

वॉरंटीचा कॉल आणि त्यानंतर

कॉल लावताना ‘सर्व्हर बंद पडतो’ एवढं सांगितलं तर पहिला आठवडा प्रश्नोत्तरांत जातो. सर्व्हिस टॅग, जतन केलेला सेल, बीएमसीतून काढलेला पूर्ण लॉग आणि अदलाबदलीचा निकाल एकत्र पाठवा: ‘अमुक सीरियलची पट्टी ए३ मधून बी३ मध्ये नेली, चूक तिच्यामागे बी३ वर आली, नोंदीची वेळ अमुक.’ इतकं लिहिल्यावर पहिल्याच फोनमध्ये पार्ट मंजूर होण्याची शक्यता बरीच वाढते.

नवा भाग बसवला की सेल साफ करा, बीएमसीचं घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला) जोडा आणि मशीनवर मुद्दाम लोड टाका. स्ट्रेस-एनजीसारखं टूल काही तास चालवा, बदललेला भाग डिस्क असेल तर रेड कार्डचं पॅट्रोल रीड (डिस्क वाचून पाहणारी तपासणी) पूर्ण होऊ द्या. मग दर आठवड्याला पाच गोष्टी तपासा: सेलमधल्या नव्या नोंदी, ईडॅकचे आकडे, रेडची स्थिती, त्याच्या बॅटरीची स्थिती आणि इनलेटचं तापमान. काढलेल्या भागावर तारीख आणि तक्रार लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि तो स्पेअरच्या कपाटात ठेवू नका. घाईच्या रात्री कुणीतरी तोच भाग चांगला समजून परत मशीनमध्ये घालतं.